वर्षाला साडेतीन कोटी डॉलर: रिसीव्हरचा पगार ठरतो कसा

३ जून २०२४ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने जस्टिन जेफरसनचा करार चार वर्षांनी वाढवला. बातमी एका ओळीची होती: १४ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. क्वार्टरबॅक सोडले तर अमेरिकी फुटबॉलमधला तेव्हाचा सर्वांत महाग खेळाडू. या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, १९९४ साली पगारावर पहिल्यांदा मर्यादा आली, तेव्हा अख्ख्या संघाला वर्षभरात ३ कोटी ४६ लाख डॉलर खर्चायला मिळत होते. तीस वर्षांनी त्याहून जास्त पैसे एकट्या जेफरसनच्या नावापुढे लागले.

हा आकडा आला कुठून? तो उत्तम खेळतो म्हणून, हे उत्तर खरं आहे, पण त्याने फार तर निम्मा हिशेब लागतो. उरलेला निम्मा मैदानाबाहेरचा आहे आणि मला तो जास्त रंजक वाटतो. आधी मैदानावरचं पाहू.

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकला तर पुन्हा चार. नाही सरकला तर चेंडू समोरच्याकडे. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो झेलतो. वाट आधी ठरलेली असते, पण ती फक्त त्याच्या संघाला ठाऊक असते. समोरचा बचावपटू अंदाजाने त्याच्या मागे. रिसीव्हरचं सगळं कसब या अंदाजाला चकवण्यात: खांदा एकीकडे, पाऊल दुसरीकडे, आणि त्या क्षणभरात मिळालेलं हात-दोन हात अंतर.

१३ नोव्हेंबर २०२२ चा बफेलोतला सामना पाहा. व्हायकिंग्ज २३-२७ असे मागे, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली, चौथा प्रयत्न आणि गरज अठरा यार्डांची. असा प्रयत्न सहसा फसतोच. व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने चेंडू उंच भिरकावला. जेफरसन मागे झुकत उडाला. बचावपटूचे दोन्ही हात चेंडूवर होते आणि जेफरसनचा एकच. त्या एका हाताने त्याने चेंडू हिसकावला आणि जमिनीवर आदळेपर्यंत सोडला नाही. ३२ यार्ड मिळाले. पुढे सामना जादा वेळेत गेला आणि व्हायकिंग्जने तो ३३-३० असा जिंकला.

असे झेल वर्षानुवर्षं दाखवले जातात, पण करार करणारा माणूस त्यांच्यावर फारसा विसंबत नाही. त्याला हवं असतं सातत्य. जेफरसनने पहिल्या तीन हंगामांत अनुक्रमे १,४००, १,६१६ आणि १,८०९ यार्ड मिळवले. पहिल्या तीन वर्षांत एवढे यार्ड लीगच्या इतिहासात कुणाचेच नव्हते. पण यार्डही फसवे असतात. ज्याच्याकडे जास्त चेंडू फेकले जातात त्याचे यार्ड वाढणारच. म्हणून संघांचे विश्लेषक वेगळे प्रश्न विचारतात. रिसीव्हर किती वेळा वाटेवर धावला आणि दर धावेमागे किती यार्ड पदरात पडले? चेंडू पोहोचला तेव्हा बचावपटू किती लांब होता? झेल घेतल्यानंतर स्वतःच्या पायांनी त्याने किती कमावलं? खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये आता चिप असते, ती सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवते. त्यामुळे हे सगळं मोजता येतं.

सर्वांत कठीण प्रश्न म्हणजे यातलं झेलणाऱ्याचं किती आणि फेकणाऱ्याचं किती. इथे जेफरसनच्या कामी आलं ते त्याचं सर्वांत वाईट वर्ष. २०२३ मध्ये मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे तो दहाच सामने खेळला. त्यातच कझिन्सची टाच जायबंदी झाली आणि संघाला राखीव क्वार्टरबॅकांवर दिवस काढावे लागले. तरीही दहा सामन्यांत १,०७४ यार्ड. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, डेट्रॉइटविरुद्ध, निक मलन्स या राखीव खेळाडूच्या फेकींवर त्याने १९२ यार्ड काढले. फेकणारा कुणीही असो, हा चालतो, याचा याहून चांगला पुरावा एजंटला मागूनही मिळाला नसता.

एक हिशेब मात्र कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही. अशा रिसीव्हरवर समोरचा संघ दोन-दोन माणसं लावतो. मग पलीकडचा दुसरा रिसीव्हर मोकळा सुटतो, धावून चेंडू नेणाऱ्यासमोरची भिंत विरळ होते. ते यार्ड दुसऱ्याच्या नावावर चढतात. जेफरसनचा एजंट ते वसूल करायला बघणार आणि संघ ते नाकारायला; मला एजंटचं म्हणणं पटतं.

आता मैदानाबाहेर जाऊ.

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा असते, तिला सगळे कॅप म्हणतात. लीगच्या एकूण उत्पन्नातला साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, हे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या सामूहिक करारात ठरलेलं आहे. त्यावरून दरवर्षी कॅप काढली जाते. २०२४ साली ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. यात ५३ जणांचा संघ बसवायचा. २०२४ साली नवख्या खेळाडूचा किमान पगार ७ लाख ९५ हजार डॉलर होता. म्हणजे जेफरसनच्या सरासरीत असे ४४ जण आले असते. त्याला दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातो. आयपीएलच्या लिलावातली पर्स आपल्या ओळखीची आहे, तिथेही हेच होतं. फरक एवढाच, की एनएफएलमध्ये आजचा खर्च उद्याच्या पर्समध्ये ढकलता येतो. त्यावर पुढे येतो.

कॅप वाढत असल्यामुळे जाणकार डॉलरकडे न बघता टक्क्यांकडे बघतात. २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्व्हिन जॉन्सनला वर्षाला १ कोटी ६२ लाखांच्या आसपास सरासरी मिळाली, तेव्हा डोळे विस्फारले होते. त्या वर्षीच्या कॅपचे ते साधारण साडेतेरा टक्के. २०२२ मध्ये मायामीने टायरिक हिलला दिलेले तीन कोटी म्हणजे १४.४ टक्के. जेफरसनचे साडेतीन कोटी १३.७ टक्के. बारा वर्षांत आकडा दुपटीच्या पुढे गेला, पण अव्वल रिसीव्हरचा वाटा तेरा-चौदा टक्क्यांच्या घरातून हलला नाही. ‘पगार वेडे झालेत’ असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

मग साडेतीनच का? तीन चाळीस का नाही, तीन साठ का नाही? इथे व्यवहार सोसायटीतल्या फ्लॅटसारखा होतो: शेजारचा कितीला गेला, त्यावर आपला भाव. एप्रिल २०२४ च्या एकाच आठवड्यात डेट्रॉइटच्या अमोन-रा सेंट ब्राउनला वर्षाला तीन कोटी मिळाले आणि फिलाडेल्फियाच्या ए. जे. ब्राउनला ३ कोटी २० लाख. जेफरसन या दोघांच्याही वरचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण त्याच्या बाजूने नजर रिसीव्हरांच्या पलीकडे टाकली. क्वार्टरबॅक वगळता लीगमधला सर्वोच्च पगार सॅन फ्रान्सिस्कोच्या निक बोसाचा होता, ३ कोटी ४० लाख, आणि बोसा तर बचावपटू. साडेतीन कोटी म्हणजे बोसाच्या वर एक पायरी. पुढच्या वर्षी सिनसिनाटीचा रिसीव्हर जमार चेस याच्या बाबतीत हाच खेळ आणखी उघडपणे झाला. मार्च २०२५ मध्ये क्लीव्हलंडने मायल्स गॅरेट या बचावपटूचा करार चार वर्षांसाठी १६ कोटींनी वाढवला, आणि काही दिवसांतच चेसला तेवढ्याच वर्षांचे १६ कोटी १० लाख मिळाले. हे वरचे दहा लाख कशाचे? ते निव्वळ पहिल्या क्रमांकाचे.

इथवरचे सगळे आकडे वर्तमानपत्रात येतात. टेबलावर कागद वेगळे असतात.

पहिली गोम: चार वर्षं आणि १४ कोटी हे फक्त वाढवलेल्या वर्षांचे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवखे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचं पाचवं वर्ष संघ आपल्या मर्जीने, ठरलेल्या दराने राखून ठेवू शकतो. जेफरसनचं ते वर्ष २०२४, आणि त्याचे १ कोटी ९७ लाख डॉलर आधीच ठरलेले होते. ते वर्ष पुसलं गेलं नाही. म्हणजे प्रत्यक्षात संघाने पाच वर्षांसाठी सुमारे १५ कोटी ९७ लाख देऊ केले. भागाकार करा: वर्षाला ३ कोटी १९ लाख. एजंट साडेतीन सांगणार, संघाचा हिशेबनीस मनात तीन एकोणीस धरणार, आणि दोघंही खरं बोलत असणार.

दुसरी गोम: करार केलाच नाही तर? संघाच्या हातात ‘फ्रँचायझी टॅग’ नावाचं हत्यार असतं. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ जबरदस्तीने वर्षभर थांबवून ठेवू शकतो. पगार त्या जागेवरच्या सर्वांत मोठ्या पाच पगारांच्या आधारे ठरतो आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा टॅग लावला तर किमान वीस टक्के वाढ द्यावी लागते. रिसीव्हरचा टॅग २०२५ साली सुमारे २ कोटी ४० लाखांचा निघाला. जेफरसनला तसंच अडवून ठेवलं असतं तर २०२४ चे १ कोटी ९७ लाख, २०२५ चे २ कोटी ४० लाख, २०२६ चे २ कोटी ८७ लाख: तीन वर्षांना सव्वासात कोटींच्या आत काम भागलं असतं, आणि दरवर्षी सोडून देण्याची मुभाही राहिली असती.

तर मग जास्त का द्यायचं? कारण टॅगची सगळी रक्कम त्याच वर्षीच्या कॅपवर पडते, ती पसरवता येत नाही. दुसरं, अडवलेला खेळाडू सही केल्याशिवाय सरावाला येत नाही, आणि कपडे बदलण्याच्या खोलीत बाकीचे बावन्न जण ते बघत असतात. तिसरं, तीन वर्षांनी तो सत्तावीस वर्षांचा, ऐन भरात आणि मोकळा. तरी हा सव्वासात कोटींचा आकडा दोन्ही बाजूंच्या डोक्यात असतोच. सौद्याची खालची कड तीच.

खेळाडूला मग हवी असते ती खरी गोष्ट: हमी. एनएफएलचा करार मुळात एकतर्फी सैल असतो. संघ खेळाडूला काढू शकतो आणि हमी नसलेला उरलेला पगार तिथेच बुडतो. म्हणून १४ कोटी या आकड्यापेक्षा त्याच्या खालच्या ओळी महत्त्वाच्या: एकूण हमी ११ कोटी, आणि सही करताक्षणी पूर्णपणे पक्के ८ कोटी ८७ लाख. मधली २ कोटी १३ लाखांच्या आसपासची हमी टप्प्याटप्प्याने पक्की होणारी. अशा रकमा सहसा आधी फक्त दुखापतीपुरत्या सुरक्षित असतात. मार्चमधली ठरावीक तारीख उलटली आणि खेळाडू संघात असला, की पूर्ण पक्क्या होतात. त्या तारखेच्या आधीचे काही दिवस दोन्ही बाजूंचे फोन गरम असतात.

हमीचा आकडा झाकून नुसती सरासरी दाखवायची असेल तर एक जुनी युक्ती आहे: शेवटच्या वर्षात फुगा भरायचा. हिलच्या २०२२ च्या कराराचे चार वर्षांचे १२ कोटी होते, पण त्यातले सुमारे साडेचार कोटी शेवटच्या एका वर्षात कोंबलेले. ते वगळा, उरलेल्या तीन वर्षांची सरासरी अडीच कोटींवर येते. ते शेवटचं वर्ष तसंच्या तसं दिलं जाईल अशी कुणाची समजूत नव्हती, आणि २०२४ मध्ये कराराची फेरमांडणी झालीच. रिसीव्हर डव्हान्टे अ‍ॅडम्सच्या लास व्हेगासमधल्या पाच वर्षांच्या १४ कोटींच्या करारातही शेवटची दोन वर्षं अशीच फुगलेली होती. ती उजाडण्याआधी तो दुसऱ्या संघात गेला. असे करार तुलनेसाठी टेबलावर आले, की एजंट पूर्ण सरासरी वाचतो आणि संघ फुगा फोडून वाचतो.

आता ढकलाढकलीकडे. सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खात्यात लवकर जमा होतो, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, सारखा पसरवता येतो. समजा तीन कोटींचा बोनस पाच वर्षांवर पसरवला: वहीत दरवर्षी साठ लाख. म्हणून मोठा करार करूनही पहिल्या वर्षी कॅपवरचा बोजा उलट कमी झालेला दिसतो. मात्र खेळाडू दोनच वर्षांनी गेला, तर वहीत न उतरलेले १ कोटी ८० लाख एकदम समोर येतात. याला ‘डेड मनी’ म्हणतात. माणूस मस्टरवर नाही आणि पगारपत्रकावर मात्र आहे.

याचं ठसठशीत उदाहरण रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज. मार्च २०२० मध्ये व्हायकिंग्जने त्याला बफेलोला दिलं आणि मोबदल्यात ड्राफ्टमधल्या निवडी घेतल्या. त्यातल्या एकीतून, बाविसाव्या क्रमांकावर, जेफरसन आला. बफेलोने डिग्जला २०२२ मध्ये चार वर्षांसाठी ९ कोटी ६० लाखांची वाढ दिली. दोनच वर्षांनी त्याला ह्यूस्टनला पाठवलं, तेव्हा २०२४ च्या बफेलोच्या कॅपमधले तीन कोटी दहा लाखांहून अधिक डॉलर दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्या माणसाच्या नावे गेले. मिनेसोटाच्या वाट्याला आलेला जेफरसन मात्र पहिली चार वर्षं मिळून १ कोटी ३१ लाखांत खेळला. २०११ पासून नवख्यांचे पगार निवडीच्या क्रमांकावर बांधलेले आहेत आणि तीन हंगाम होईपर्यंत करार बदलता येत नाही. १,८०९ यार्डांचा हंगाम त्याच पगारातला.

खरी बाब इथे येते, आणि रिसीव्हरवरच्या चर्चेत ती नेहमी मागे पडते: प्रश्न रिसीव्हरला किती द्यायचं हा नसून, क्वार्टरबॅकला दिल्यावर किती उरतं हा असतो. व्हायकिंग्जने २०२४ मध्ये कझिन्सला जाऊ दिलं. अटलांटाने त्याला चार वर्षांचे १८ कोटी दिले. त्याच्या जागी ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर जे. जे. मॅकार्थी आला, नवख्यांच्या बांधील पगारावर, आणि एका वर्षासाठी एक कोटी डॉलरवर सॅम डार्नोल्ड. मॅकार्थीचा गुडघा हंगामाआधीच गेला, डार्नोल्ड खेळला आणि संघाने सतरापैकी चौदा सामने जिंकले. क्वार्टरबॅक स्वस्त असलेली ही दोन-तीन वर्षंच महागडा रिसीव्हर परवडण्याची. तेव्हाचे जनरल मॅनेजर क्वेसी अडोफो-मेन्सा फुटबॉलमध्ये येण्याआधी वॉल स्ट्रीटवर कमोडिटी ट्रेडर होते. हा मोका त्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

सिनसिनाटीने उलट बाजू निवडली. क्वार्टरबॅक जो बरो ५ कोटी ५० लाख, चेस ४ कोटींच्या वर, दुसरा रिसीव्हर टी हिगिन्स २ कोटी ८७ लाख. तीन माणसांच्या सरासरीची बेरीज १२ कोटी ४० लाख, २०२५ च्या कॅपच्या ४४ टक्के. पसरवण्याच्या युक्त्या वापरूनही बाकीच्या पन्नास जणांना यातून काय उरतं? करारांआधीच्या २०२४ च्या हंगामात चेस झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला होता आणि तरी संघ बाद फेरीत पोहोचला नव्हता. बचाव गळका असला की रिसीव्हर काय करणार?

चेसच्या बाबतीत संघाने आणखी एक चूक केली, असं माझं मत. २०२४ च्या उन्हाळ्यात तो नवा करार मागत होता, सरावाला येऊन सराव न करता बसत होता, कारण गैरहजेरीला दंड असतो. बोलणी फिसकटली. मग त्याने आयुष्यातला सर्वोत्तम हंगाम काढला आणि मार्चमध्ये भाव जेफरसनपेक्षा साडेबावन्न लाख डॉलरनी वर गेला. व्हायकिंग्जचंही काही वेगळं नाही: २०२३ च्या हंगामाआधी बोलणी झाली होती, जुळलं नाही, तेव्हा रिसीव्हरांमधला वरचा भाव हिलचे तीन कोटी होता. फिलाडेल्फिया याच्या नेमकं उलट करतो. रिसीव्हर डेव्होन्टा स्मिथचा तिसरा हंगाम संपताच, एप्रिल २०२४ मध्ये, त्यांनी त्याला तीन वर्षांचे साडेसात कोटी देऊन विषय संपवला. ब्राउनचाही त्याच महिन्यात. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

आणि अजिबात न देणं? कॅन्सस सिटीने २०२२ मध्ये तेच केलं. हिलची मागणी परवडेना, तेव्हा त्याला मायामीला देऊन ड्राफ्टच्या पाच निवडी घेतल्या आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. हिलने मायामीत लागोपाठ १,७१० आणि १,७९९ यार्ड काढले. मायामीने त्या दोन वर्षांत बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. पण हा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात: कॅन्सस सिटीकडे क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स होता. ज्यांच्याकडे तो नाही, त्या एकतीस संघांनी हा धडा जपून गिरवावा.

जेफरसनचा करार २०२८ च्या हंगामापर्यंत आहे. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा असेल, आणि तिशीच्या आसपास बहुतेक रिसीव्हरांचे पाय जड होऊ लागतात. हमीचे बरेचसे पैसे तोवर दिले गेलेले असतील, म्हणून २०२८ चा पगार कागदावर कितीही मोठा असला तरी तो जसाच्या तसा हाती पडेल असं जेफरसनच्या बाजूचे लोकही धरून चालत नसावेत. त्याच्या एक-दोन वर्षं आधीच पुन्हा बोलणी लागतील, त्या वर्षीची कॅप आणि तोवर सही झालेले दुसऱ्यांचे करार समोर ठेवून.